अणुदुर्घटनेनंतरचे निर्णय कोणाचे? धाराशिवच्या भूकंपग्रस्त गावांचा दाखला

अणुभट्टीत अपघात झाला की पहिले काही दिवस तज्ज्ञांचे आणि प्रशासनाचे असतात. भट्टी थंड ठेवणे, आसपासच्या वस्त्या रिकाम्या करणे, आयोडीनच्या गोळ्या वाटणे, दूध व भाजीपाल्याच्या विक्रीवर निर्बंध घालणे ही कामे सभा घेऊन होत नाहीत आणि तशी ती होऊही नयेत. खरा वाद परिस्थिती आटोक्यात आल्यावर सुरू होतो. शेतातील किती माती खरवडून काढायची? ती कोणाच्या गावात नेऊन टाकायची? भट्टीत साचलेले दूषित पाणी नदीत सोडायचे का? लोकांना घरी परतण्याची परवानगी कोणत्या आकड्याला द्यायची, आणि ज्यांना परतायचेच नाही त्यांचे काय करायचे? अशा साफसफाईला दहा-पंधरा वर्षे सहज लागतात. काही ठिकाणी एक पिढीही पुरत नाही. एवढ्या दीर्घ काळाचे निर्णय बंद दालनात घ्यायचे की बाधित लोकांना सोबत घेऊन, हा प्रश्न गेली चार दशके जगभर चर्चेत आहे.

धाराशिव जिल्ह्यात अणुवीज प्रकल्प नाही. मात्र एका पहाटेत उद्ध्वस्त झालेली गावे पुन्हा कोठे, कशी आणि कोणाच्या म्हणण्याने वसवायची, हा प्रश्न या जिल्ह्याने १९९३च्या भूकंपानंतर सोडवून पाहिला आहे. भूकंप आणि किरणोत्सर्ग यांची जात वेगळी. भूकंपाचे नुकसान डोळ्यांना दिसते, किरणोत्सर्गाचे दिसत नाही. तरीही आपत्तीनंतर शासन, तज्ज्ञ, देणगीदार आणि गावकरी यांच्यात जी ओढाताण होते, तिचे स्वरूप दोन्हीकडे सारखेच आढळते. म्हणून सास्तूर, माकणी, होळी, पेठसांगवी परिसराचा अनुभव अणुदुर्घटनेच्या चर्चेतही उपयोगी पडतो.

आकडा शास्त्राचा, निवड समाजाची

माणसाच्या शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा मिलीसिव्हर्ट या एककात मोजतात. जमीन, खडक, अवकाश आणि अन्न यांतून निसर्गतः मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट असते. याशिवाय सर्वसामान्य नागरिकाला मानवनिर्मित, नियोजित स्रोतांकडून वर्षाला १ मिलीसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये, असे आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाचे मार्गदर्शन आहे. अपघातानंतर दूषित झालेल्या प्रदेशात दीर्घकाळ राहावे लागणाऱ्यांसाठी याच आयोगाने २००९ मध्ये १ ते २० मिलीसिव्हर्ट असा पट्टा सुचविला आणि त्यातील खालच्या टोकाकडे सरकत राहावे, असे म्हटले.

एक आणि वीस यांत फार मोठे अंतर आहे. त्यातील नेमका कोणता आकडा धरायचा हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. आकडा खाली आणावा तर अधिक माती काढावी लागते, अधिक झाडे तोडावी लागतात, खर्च वाढतो, लोक अधिक वर्षे गावाबाहेर राहतात आणि म्हातारी माणसे परमुलुखात दगावतात. आकडा वर ठेवावा तर गाव लवकर भरते, पण लहान मुलांचे आईबाप परतायला तयार होत नाहीत. जपानमध्ये शेतातील साधारण पाच सेंटिमीटरचा वरचा थर काढण्यात आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो थर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घालून कमावलेली जमीन. शेत निर्धोक झाले, पण नापीकही झाले, अशी अवस्था होऊ शकते. हा तोटा सोसायचा की नाही, हे ठरविताना त्या शेताच्या मालकाला वगळणे अन्यायाचे तर आहेच, पण अव्यवहार्यही आहे. कारण पुढची तीस वर्षे त्या जमिनीवर राहणार तोच असतो.

सास्तूर-किल्लारीत काय घडले

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला भूकंपाचा धक्का बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. शासकीय नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे १६ हजार जखमी झाले. औसा तालुक्यातील किल्लारीचे नाव जगभर गेले. पण आज लोहारा आणि उमरगा तालुक्यांत मोडणाऱ्या गावांची हानीही तितकीच भीषण होती.

या भूकंपाआधीची दोन वर्षे पाहिली तर तज्ज्ञता आणि लोकानुभव यांच्यातील दरी स्पष्ट दिसते. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात किल्लारी परिसराला लहान-लहान धक्के बसत होते आणि लोक घाबरलेले होते. देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात मात्र हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला आणि ‘पहिले क्षेत्र’ हा प्रकारच काढून टाकण्यात आला. माकणी येथील निम्न तेरणा जलाशयामुळे भूकंप झाला, अशी शंका गावकऱ्यांनी बोलून दाखविली. शास्त्रज्ञांतही त्यावर दीर्घ वाद झाला. शंका खरी की खोटी हा वेगळा विषय. पण ती लोकांनी विचारली आणि तज्ज्ञांना उत्तर शोधावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बहुतेक बळी गेले ते घरांच्या बांधणीमुळे. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, आतल्या बाजूस लाकडी खण आणि वर उन्हापासून संरक्षण म्हणून मातीचे जाड थर चढविलेले माळवद, अशी मराठवाड्यातील पारंपरिक घरे होती. भिंती फाकल्या आणि दगड-माती झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर दगड हा शब्दच लोकांना नकोसा झाला. दगडी घर योग्य रीतीने बांधले किंवा मजबूत केले तर ते सुरक्षित राहू शकते, असे अभियंते सांगत होते. ढिगाऱ्याखालून आपली माणसे काढलेल्यांना ते पटत नव्हते. त्यांना सिमेंट-काँक्रीटचे घर हवे होते आणि जुन्या गावठाणापासून दूर जायचे होते.

शासनाने ही मागणी मान्य केली. जागतिक बँकेच्या कर्जसाह्याने १९९४ मध्ये महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. संपूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. काही गावांत जुन्या जागीच पुनर्बांधणी करायची होती, आणि १३ जिल्ह्यांतील पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांकडून करवून घ्यायचे होते. स्थलांतरित गावांतील लोकसहभागासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेला, तर दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या गावांसाठी स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला सोबत घेण्यात आले. इतक्या मोठ्या पुनर्वसन कार्यक्रमात लोकसहभाग हा रीतसर कामाचा भाग म्हणून लिहिला जाणे, ही तेव्हा देशात नवी गोष्ट होती.

मात्र एकाच कार्यक्रमाच्या या दोन अंगांत सहभागाचा अर्थ वेगवेगळा निघाला.

स्थलांतरित गावांत लोकांना मुख्यतः पहिल्या प्रश्नावर विचारले गेले: गाव हलवायचे का? उत्तर ‘हो’ आले. त्या वेळच्या मनःस्थितीत दुसरे उत्तर येणे अवघडच होते. ग्रामसभा झाल्या, जागांवर चर्चा झाली. पण एकदा ‘हो’ म्हटल्यावर पुढच्या अनेक गोष्टी ठरलेल्याच होत्या. घरांचे आकार जमीनधारणेवर बेतलेले होते. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फूट. शेतीची अवजारे, धान्य, गुरे यांना जागा लागते, असे त्यामागचे समर्थन होते. परिणाम असा झाला की जुन्या गावातील उतरंड नव्या गावाच्या आराखड्यातही मोजून-मापून उतरली. मोठ्या देणगीदार संस्थांनी गावे दत्तक घेतली, कंत्राटदारांनी घरे बांधली. काम वेगाने झाले हे मान्यच करावे लागेल. परंतु काटकोनात आखलेले रुंद रस्ते, एकसारख्या घरांच्या रांगा आणि विखुरलेली भावकी हे शहरी वसाहतीचे चित्र होते. नवे गाव जुन्यापेक्षा कित्येक पट पसरले. पाणी, दिवे, रस्ते यांची देखभाल ग्रामपंचायतीवर आली. शेत लांब गेले. पुढील काळात तज्ज्ञांनी केलेल्या पाहण्यांत काही घरांत माणसांऐवजी कडबा आणि अवजारे ठेवलेली आढळली. काही ठिकाणी लोकांनी जागा अपुरी पडते म्हणून पुन्हा दगड-मातीतच वाढीव बांधकाम केले होते. ज्या धोक्यापासून पळायचे होते तो असा मागील दाराने परत आला.

दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या गावांत पैसा घरमालकाच्या हाती हप्त्याहप्त्याने दिला जात होता. काम पुढे गेले तरच पुढचा हप्ता मिळे. त्यामुळे घरमालकाला बांधकाम समजून घेणे भाग होते. गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून महिलांना नेमण्यात आले. मदतीची रक्कम किती, ती कशी मिळते, भिंतीत आरपार दगड कशासाठी, दरवाजा-खिडक्यांवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा कशासाठी, माळवदावरची माती कमी का करायची, हे त्या घरोघर सांगत. ग्रामसभेत अडचणी मांडत. कनिष्ठ अभियंत्याशी हुज्जतही घालत. ज्या स्त्रिया चावडीवर येत नसत त्या सिमेंटच्या गोण्या मोजू लागल्या. हा बदल लहान नव्हता. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या महिला तेथील गावांत आपला अनुभव सांगायला गेल्या होत्या. या कामाची उभारणी करणाऱ्या प्रेमा गोपालन यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

येथेही सर्व काही तज्ज्ञांच्या मनासारखे झाले नाही. अभियंत्यांना जुने घर मजबूत करणे स्वस्त आणि शास्त्रशुद्ध वाटत होते. बहुतेक घरमालकांनी मिळालेल्या पैशांतून जुन्या घरालगत विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. भीती वाटली की झोपायला ती खोली. जुने दगडी घर तसेच राहिले. लोकांचा निर्णय अभियांत्रिकीच्या कसोटीवर अपुरा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती खोली त्यांनी स्वतः ठरविली, स्वतः बांधून घेतली आणि वापरली. कार्यक्रमालाही आपले नियम त्या दिशेने वाकवावे लागले.

थ्री माइल आयलंड: पाणी नदीत गेले नाही

अणुदुर्घटनेनंतर लोकांना निर्णयप्रक्रियेत बसविण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हानिया राज्यात सस्क्वेहाना नदीतील बेटावरील थ्री माइल आयलंड प्रकल्पाच्या दुसऱ्या भट्टीचा गाभा अंशतः वितळला. बाहेर पडलेला किरणोत्सर्ग अल्प होता. पण भट्टीच्या इमारतीत किरणोत्सारी वायू कोंडला होता आणि लाखो गॅलन दूषित पाणी साचले होते. कंपनीच्या आणि अधिकाऱ्यांच्या सुरुवातीच्या परस्परविरोधी निवेदनांनी लोकांचा विश्वास उडाला होता.

वायू हळूहळू बाहेर सोडणे सुरक्षित आहे, असे अणुनियामक आयोगाचे म्हणणे होते. रहिवासी ऐकायला तयार नव्हते. तेव्हा राज्यपाल रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी अणुउद्योगावर सातत्याने टीका करणाऱ्या ‘युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स’ या संघटनेकडे विचारणा केली. थेट शारीरिक अपाय होणार नाही, असा निर्वाळा टीकाकारांनीच दिल्यावर १९८० च्या उन्हाळ्यात वायू सोडण्यात आला. आजूबाजूच्या वस्त्यांतील नागरिकांना मोजणी-यंत्रे चालविण्याचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून किरणोत्सर्गाची नोंदही ठेवण्यात आली. शासनाचे शास्त्रज्ञ तेच आकडे सांगत होते. पण शेजाऱ्याने घेतलेल्या मोजणीवर माणसे विश्वास ठेवतात, ही साधी गोष्ट तेथे उमगली.

पाण्याचा प्रश्न अधिक चिवट होता. प्रक्रिया केलेले पाणी नदीत सोडणे हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपा मार्ग होता. नदीच्या खालच्या अंगाला असलेले लँकेस्टर शहर तेच पाणी पिते. शहराने न्यायालयात धाव घेतली आणि १९८० मध्ये झालेल्या तडजोडीने पाणी नदीत सोडण्याला अटकाव बसला. त्याच वर्षी नियामक आयोगाने नागरिक, स्थानिक व राज्य पातळीवरील पदाधिकारी आणि शास्त्रज्ञ यांचे एक सल्लागार मंडळ नेमले. १९९३ पर्यंत या मंडळाच्या ७८ बैठका झाल्या. बैठका जाहीर होत, श्रोत्यांना प्रश्न विचारता येत आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना तोंडावर उत्तरे द्यावी लागत. मंडळाला नकाराधिकार नव्हता. काही रहिवाशांना ते दात नसलेले वाटे. पण एकदा समोर बसवलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात पुन्हा तोंड द्यायचे आहे, या जाणिवेनेच अधिकाऱ्यांची भाषा बदलली. अखेर २३ लाख गॅलन पाणी १९९१ ते १९९३ या काळात बाष्पीभवनाने संपविण्यात आले. हा मार्ग महाग आणि वेळखाऊ होता आणि त्यालाही विरोध झालाच. नदी मात्र वाचली.

फुकुशिमा: कागदावरचे वचन

जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइइची प्रकल्पातील तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. लोकांना परतू देण्यासाठी शासनाने वर्षाला २० मिलीसिव्हर्टची मर्यादा धरली. दीर्घकालीन उद्दिष्ट मात्र १ मिलीसिव्हर्टचे सांगितले. हे दोन आकडे एकाच वेळी ऐकणाऱ्या सामान्य माणसाचा गोंधळ उडाला यात नवल नाही. २० मध्ये सुरक्षित असेल तर १ कशासाठी, आणि १ आवश्यक असेल तर २० ला परत का पाठवता, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अनेकांना कधीच मिळाले नाही.

खरवडून काढलेली माती सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर भरली. ती ओकुमा आणि फुताबा या दोन नगरांच्या हद्दीत तात्पुरत्या साठवण केंद्रात ठेवण्यात आली. ही जागा देणाऱ्यांनी आपल्या वडिलोपार्जित जमिनी आणि थडगी सोडली, ती २०४५ पर्यंत माती फुकुशिमाबाहेर नेऊन तिची कायमची विल्हेवाट लावली जाईल, या कायद्यातील वचनावर. ती नेणार कोठे, हे ठरविणे त्याहून अवघड. किलोमागे ८,००० बेकरेलपेक्षा कमी किरणोत्सर्ग असलेली माती रस्त्यांच्या भरावात वा बागेत वापरावी, अशी शासनाची योजना पुढे आली. २०२२ च्या अखेरीस टोकियोतील शिंजुकू ग्योएन उद्यानात प्रयोग करण्याचे ठरताच शेजारच्या रहिवाशांनी विरोध केला. जुलै २०२५ मध्ये थोडी माती पंतप्रधान कार्यालयाच्या आवारात वापरून दाखविण्यात आली.

पाण्याच्या बाबतीत वीज कंपनीने २०१५ मध्ये मच्छीमारांच्या संघटनेला लेखी कळविले होते की, संबंधितांची समजूत पटल्याखेरीज पाण्याची विल्हेवाट लावणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडण्यास प्रारंभ झाला तेव्हा मच्छीमारांचा विरोध कायम होता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ही योजना सुरक्षा-मानकांना धरून असल्याचे म्हटले होते. शास्त्राच्या अंगाने शासनाची बाजू भक्कम होती. मोडला तो शब्द. ज्यांची मासळी बाजारात विकली जायची त्यांच्या लेखी शब्दाचे मोल आकड्याहून कमी नव्हते.

याच जपानमध्ये दुसरा एक प्रवाहही दिसतो. चेर्नोबिलनंतर दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, बेलारूसमधील ओल्मानी या गावात ‘एथॉस’ नावाचा प्रकल्प सुरू झाला होता. तेथे आयांनी स्वतः मोजणी-यंत्रे हाती घेऊन दूध, घराचे अंगण, मुलांचा आहार तपासला आणि कोणत्या कुरणातले गवत गाईला घालायचे हे ठरविले. नोव्हेंबर २०११ पासून आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने फुकुशिमा परिसरात रहिवासी आणि तज्ज्ञांच्या संवाद-सभा घेतल्या, त्या याच धर्तीवर. आयोगाने २०२० च्या आपल्या शिफारशींत तज्ज्ञ व रहिवासी यांनी मिळून ज्ञान उभे करण्याच्या या पद्धतीला स्थान दिले. संवाद सहायक महिलांनी माळवदाखाली बसून जे केले, त्याच्याशी हे काम बरेच मिळतेजुळते आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यात तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज निर्माण होते. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात माडबन परिसरात जैतापूर प्रकल्प प्रस्तावित आहे. सहा भट्ट्यांची ही योजना. या प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी १६ मे २०१० रोजी झाली. अहवालाची मराठी प्रत वेळेत मिळाली नाही, ही तेव्हाची ग्रामस्थांची मुख्य तक्रारींपैकी एक होती. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. १८ एप्रिल २०११ रोजी, फुकुशिमाच्या दुर्घटनेला महिना होतो न होतो तोच, साखरी नाटे येथे आंदोलकांवर पोलीस गोळीबार होऊन एकाचा मृत्यू झाला. कोकणातील मच्छीमारांचा प्रश्न आणि फुकुशिमातील मच्छीमारांचा प्रश्न एकच होता: आमच्या समुद्राबद्दल आम्हाला विचारणार कधी?

जनसुनावणीची ही तरतूद २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतील आहे आणि ती प्रकल्पापूर्वीच्या मंजुरीपुरती आहे. अपघातानंतर जमीन किती निर्धोक करायची, कचरा कोठे ठेवायचा, लोकांना केव्हा परतू द्यायचे, यावर सुनावणी घेण्याचे बंधन त्या अधिसूचनेत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने फेब्रुवारी २००९ मध्ये अणु व किरणोत्सारी आपत्तींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा भर पूर्वतयारी, प्रशिक्षण, जनजागृती आणि तातडीचा प्रतिसाद यांवर आहे.

किरणोत्सारी दूषिततेसाठी अणुभट्टीच हवी असे नाही, हे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराने दाखविले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे उपकरण लिलावात भंगारात गेले आणि तोडले गेले. एकाचा मृत्यू झाला, अनेक जण बाधित झाले. अणुऊर्जा खात्याच्या पथकांनी तुकडे आणि दूषित माती उचलून नेली. काम कौशल्याचे होते. बाजारातील कामगारांची त्या प्रक्रियेत भूमिका होती ती बाजूला उभे राहण्याची.

कायद्यात जागा मुळीच नाही, असेही नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. पुनर्वसनाचे निर्णय ग्रामसभेपुढे नेण्यास या व्यवस्थेत कोणतीही आडकाठी नाही. १९९३ मध्ये हा कायदाही नव्हता. तरी मराठवाड्यातील गावांच्या चावडीवर ते निर्णय गेले होते, अर्धेमुर्धे का होईना.

तारापूर प्रकल्पाभोवती १६ किलोमीटरच्या परिघात आणीबाणी नियोजन क्षेत्र आहे. तेथे प्रकल्पाबाहेरील आणीबाणीचा सराव जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली होतो. इशारा कसा द्यायचा, लोकांनी घरात कसे थांबायचे, आवश्यकता पडल्यास त्यांना कोणत्या मार्गाने बाहेर न्यायचे, याची त्यात उजळणी होते. बाहेर नेलेल्यांना परत केव्हा आणायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा विषय त्या सरावाच्या वेळापत्रकात अजून बसलेला नाही.